झाकणाच्या आतल्या बाजूला

संचिता : …तर तुम्ही फक्त एवढंच करायचं, बाबलीकाका. बोर्डवरचे सगळे जोड वितळवायचे आणि पुन्हा पक्के करून द्यायचे. बाकीचं माझं मी बघते.

बाबलीकाका : आदी ती सायकल बाजूक घी. दारात आडवी घातलंस. गिऱ्हायकान उडी मारून येवचा काय?

संचिता : गिऱ्हाईक आहे कुठे? मी आल्यापासून इथे तुम्ही आणि ते मांजर.

बाबलीकाका : मांजर पण गिऱ्हाईकच. रोज एक बांगडो घेवन जाता आणि तक्रार करीत नाय. घी बाजूक.

संचिता : घेतली. आता बघा ना. सोमवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि आज शनिवार. आणि आमचं फाटक मेलंय.

बाबलीकाका : कसला फाटक?

संचिता : रेल्वेचं. आईला म्हटलं होतं तुम्हाला नीट समजावून सांग.

बाबलीकाका : तुझ्या आवशीन सांगल्यान, चेडवाची आगगाडी बंद पडली हा, वायच बघा. माका वाटला सेल संपले आसतले.

संचिता : सेल नाही हो. ऐका. चार फूट बाय दोन फुटांचा प्लाय. त्यावर रूळ, एक बोगदा, एक पूल, कुडाळची पाटी लावलेलं स्टेशन, एक फाटक आणि फाटकापाशी थांबलेली लाल एसटी. गाडी सेन्सरसमोरून गेली की सिग्नल लाल होतो आणि फाटक खाली येतं. गाडी निघून गेली की सिग्नल हिरवा आणि फाटक वर. आणि हे सगळं ठरवतो तो हा निळा बोर्ड. मायक्रोकंट्रोलर म्हणतात त्याला.

बाबलीकाका : एवढो? बिस्किटाएवढो?

संचिता : आकार बिस्किटाएवढा, पण डोकं केवढं मोठं.

बाबलीकाका : म्हणजे तुझ्या उलटो.

संचिता : काका.

बाबलीकाका : बरां, बरां. मगे काय झाला?

संचिता : गुरुवारी शाळेत सरांसमोर चाचणी होती. सगळा वर्ग बाकांवर चढून बघत होता. गाडी आली आणि फाटक खाली यायचं सोडून थरथरायलाच लागलं. अर्धं खाली, परत वर, परत अर्धं खाली. सिग्नल एकदा लाल, एकदा हिरवा. त्यात फाटक वर बघून कोणीतरी एसटी पुढे ढकलली होती. गाडी तिला घेऊनच बोगद्यात शिरली.

बाबलीकाका : ड्रायवर वाचलो?

संचिता : पुठ्ठ्याची एसटी आहे हो, तिला ड्रायव्हर नाही. हसू नका. सर म्हणाले, सोमवारपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर आपल्या शाळेतून आठवीच्या मुलांचं मॉडेल जाईल. गांडूळ खताचं.

बाबलीकाका : गांडुळा बरी. ती कदी शॉर्ट जायत नाय.

संचिता : म्हणून तर तुमच्याकडे आले. अख्ख्या तारकर्लीच्या बोटींवर तुम्ही जीपीएस बसवता, मासे दाखवणारं यंत्र बसवता. त्यांच्या पोटात असेच बोर्ड असतात ना?

बाबलीकाका : आसतत. हाड हय. ह्या कसल्या डब्यात घालून हाडलंस?

संचिता : ते बोर्डचं घर आहे. प्लायच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवलं होतं. बाहेरून नाव पण टाकलंय.

बाबलीकाका : 'संचिता रेल्वे'. भारत सरकाराक इचारलंस?

संचिता : नाव जाऊ दे, झाकण बघा. घट्ट लावून वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. आपल्याकडे हवा खारी ना, ती आत जायला नको म्हणून. ही युक्ती माझी.

बाबलीकाका : आणि बोर्ड तळाकच टेकवलंस. तेका पाय नाय, काय नाय.

संचिता : पाय कशाला? खालून दुहेरी चिकटपट्टी लावलीय. तसूभर हलत नाही.

बाबलीकाका : ओल्या लादयेर निजवलेला पोर पण पयल्या दिसा खोकत नाय. दुसऱ्या दिसा खोकता.

संचिता : काका, दोष डब्याचा नाहीच आहे. दोष कुठे आहे ते आम्हाला सापडलंय. जोड कच्चे आहेत. आकांक्षाने केलेत ते.

बाबलीकाका : ही आकांक्षा कोण?

संचिता : माझी पार्टनर. वर्गातलीच, धामापूरहून येते. सोल्डरिंग तिचं, प्रोग्राम माझा, रूळ आणि बोगदा दोघींनी मिळून केलाय. सोल्डरिंग करताना ती एक पेस्ट लावते, ती स्वस्तातली होती. बोर्डच्या खाली बघा, हिरवं हिरवं आलंय. ती पेस्टच फुटून आलीय.

बाबलीकाका : तिना कबूल केल्यान?

संचिता : तिने काहीच केलं नाही. मी बोलले ते ऐकून घेतलं. सोल्डरिंगचं मशीन गरम होतं, ते थंड होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग फडक्यात गुंडाळून दप्तरात घातलं आणि गेली. शुक्रवारी आली ती दुसऱ्याच बाकावर बसली.

बाबलीकाका : तू नेमक्या काय बोललंस?

संचिता : हेच, की जोड कच्चे आहेत.

बाबलीकाका : नेमक्या.

संचिता : म्हणाले, 'सर, माझा प्रोग्राम बरोबर आहे. मी सगळं स्वतःच करायला हवं होतं.'

बाबलीकाका : सगळ्यांच्या फुडे?

संचिता : चाचणीच सगळ्यांपुढे होती, मग कुठे जाऊन बोलणार? आणि स्पष्ट बोललं तर बिघडलं कुठे? सातवीपर्यंत मी तोंड उघडत नव्हते, तेव्हा तुम्हीच आईला विचारायचात, ह्या चेडवाक देवान जीभ दिल्यान मा?

बाबलीकाका : इचारी होतंय. मगे तुझो वक्तृत्वात पयलो नंबर इलो. आता वाटता, देवान जरा हात राखून दिल्यान आसता तरी चालला आसता.

संचिता : जोड करून देताय ना?

बाबलीकाका : चष्मो दी. थय, फ्यूजांच्या डब्यार आसा. हां. ह्ये सगळे जोड त्या चेडवाचे?

संचिता : सगळे. बघितलंत ना?

बाबलीकाका : बघतंय. केवढ्या वर्साचा चेडू?

संचिता : माझ्याएवढीच. चौदा. का?

बाबलीकाका : असो गोल, चकचकीत जोड करूक माका धा वर्सा गेली. रव, सुयेन हलवून बघतंय. ह्यो हललो? ह्यो? ह्यो कडेचो?

संचिता : नाही. पण मग ते हिरवं?

बाबलीकाका : हिरव्या सगळीकडे नाय. ज्या पिनांची टोका तळाक टेकली, तेंकाच. ता पण एकाच कोपऱ्यात. ह्यो डबो खंयचो?

संचिता : घरातला. रिकामा पडला होता.

बाबलीकाका : रिकामो जावच्या आदी भितर काय होता?

संचिता : असतील आमसुलं.

बाबलीकाका : आसतीत न्हय, होतीच. हय कोपऱ्यात तांबडो डाग दिसता बघ. रव हां.

संचिता : काका, चाटू नका ते.

बाबलीकाका : बोट लावलंय नुसता. खारट. मागसून आंबट. ही आमच्या सुगंधाच्या हातची सोला. ती दरवर्सा मीठ जास्त घालता आणि दरवर्सा माकाच इचारता, कमी पडला काय.

संचिता : सुगंधाकाकूची? म्हणजे डबा तुमच्या घरातून आलाय. चूक तुमच्याकडची झाली मग.

बाबलीकाका : डबो आमचो, कबूल. धुतल्यान कोणी?

संचिता : धुण्याचं म्हणाल तर…

बाबलीकाका : संचिता.

संचिता : नाही धुतला.

बाबलीकाका : कित्याक?

संचिता : पाणी बोर्डला वाईट ना. म्हणून मी डब्याला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कोरड्या फडक्याने पुसला. दोनदा पुसला.

बाबलीकाका : ऐकलंस गो?

संचिता : मांजराला काय सांगताय?

बाबलीकाका : तेका पण कळांदे. पाणी लागात म्हणान डबो धुवक नाय. मीठ भितर तसाच. वरसून चिकटपट्टीचे तीन वेढे. आता तूच सांग, शाळेत जातंस तू. मीठ हवेतल्या ओलीचा काय करता?

संचिता : ओढून घेतं. सातवीत होतं आम्हाला.

बाबलीकाका : आणि ती ओल भायर जावक तू वाटच ठेवक नाय. आमसुलांक ह्या बरा, मऊ रवतत.

संचिता : म्हणजे मी बोर्डचं लोणचं घातलं.

बाबलीकाका : लोणचा न्हय. सोलकढी.

संचिता : काका, आणि जोड? सगळेच चांगले आहेत?

बाबलीकाका : ह्या डब्यात बरा काय रवला आसात तर ते जोडच.

संचिता : आता काय करायचं?

बाबलीकाका : बोर्डाचा म्हणतंस काय चेडवाचा?

संचिता : आधी बोर्डचं सांगा.

बाबलीकाका : जगलो तर जगलो. स्पिरिट लावन दातांच्या ब्रशान हळूहळू घासतंय, मगे फाल्या सकाळपर्यंत पंख्याखाली. उन्हात नाय. सकाळी करंट देवन बघूया.

संचिता : आणि जगला तर परत ह्याच डब्यात?

बाबलीकाका : ह्यो डबो आता धुवन सुगंधाक परत करूचो. धुवन म्हटलंय हां. थय फळयेर, खालच्या कप्प्यात डबे आसत. मापाचो एक बघ.

संचिता : हा फारच लहान. ह्याला तडा गेलाय. हा मस्त आहे. लाकडी आहे का?

बाबलीकाका : मरीन प्लाय, वरसून फायबर मारलो. बोटीच्या वायरलेसचो होतो. चालतलो तुका.

संचिता : झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलंय. 'बसवणी : बाबली. जोड :' आणि पुढचं खोडलंय.

बाबलीकाका : माझ्या सगळ्या डब्यांत लिवलेला आसता. डबो कोणी बसवल्यान, जोड कोणी केल्यान. दर्यार मशीन बंद पडला तर बोट चलवणाऱ्या तांडेलाक गाळी घालूक नाव होया मा? नायतर तो सगळ्या गावाक घालता.

संचिता : मग हे नाव का खोडलं?

बाबलीकाका : जुनी गजाल. डबो पूस आणि हय ठेय. फोन आसा तुझ्याकडे?

संचिता : आईचा आणलाय. का?

बाबलीकाका : भायर माडाखाली रेंज बरी येता.

संचिता : कोणाला लावू?

बाबलीकाका : भारत सरकाराक. सांग, रेल्वेचा नाव बदलूचा आसा.

संचिता : सोमवारी सांगते ना तिला. असं समोरासमोर बरं पडतं.

बाबलीकाका : वक्तृत्वात पयलो नंबर, आणि एक फोन करूक जमणा नाय.

संचिता : वक्तृत्वात सगळं पाठ केलेलं असतं हो, काका. हे कुठे पाठ आहे?

बाबलीकाका : जा. मी तवसर ब्रश मारतंय.

संचिता : आले. केला फोन.

बाबलीकाका : इतक्यात झालो? अजून एक बाजू पण घासून झाली नाय.

संचिता : सगळं सांगितलं. जोड एक नंबर आहेत, काकांना असे जोड यायला दहा वर्षं लागली म्हणे, आणि उद्या सकाळी इथे बोर्ड चालू करून बघणार आहोत, तर ये.

बाबलीकाका : आणि ती काय म्हणाली?

संचिता : 'ऐकलंय' म्हणाली. आणि ठेवला.

बाबलीकाका : डबो धुवक नाय ता सांगलंस?

संचिता : डबा जरा दमट होता, असं सांगितलं.

बाबलीकाका : हं.

संचिता : असं 'हं' म्हणू नका.

बाबलीकाका : बरां. चाय पितलंस?

(दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी. तीच शेड.)

आकांक्षा : बाबलीकाका तुमीच मा? धामापुरासून इलंय. एसटी उशीरा सुटली.

बाबलीकाका : ये गो बाय. बस त्या टायरीर. ही कदीची येवन बसली हा. तीनदा इचारल्यान, ती येतली काय म्हणान.

संचिता : दोनदा.

आकांक्षा : मी हिच्यासाठी येवक नाय. बोर्ड बघूक इलंय.

संचिता : मी खाजं आणलंय. तुला आवडतं म्हणून.

आकांक्षा : बोर्ड खंय आसा?

बाबलीकाका : ह्यो बघ, पंख्याखाली. अजून करंट देवक नाय. म्हटला, जेना जोड केल्यान तेनाच दिवचो.

आकांक्षा : देतंय मगे. दिवो लागलो.

संचिता : आणि लुकलुकतोय. म्हणजे प्रोग्राम अजून आत आहे, काही गेलेलं नाही. आकांक्षा, मी फाटकाची मोटर पण सोडवून आणलीय. लावून बघ ना.

आकांक्षा : रव, घाई करू नको. हां. फाटक खाली. फाटक वर. थरथर नाय.

बाबलीकाका : जगलो. आता ह्या खुशीत खाजा तरी खावा दोघांनी.

आकांक्षा : जुनो डबो खंय?

संचिता : काकांनी नवा दिलाय बघ, वायरलेसचा. वरून फायबर मारलेला आहे, आणि आत…

आकांक्षा : जुनो इचारतंय.

संचिता : तो त्या कोपऱ्यात. न्यायचाय परत काकूंना.

आकांक्षा : ह्यो दमट न्हय. ह्यो चिकट आसा. ह्यो धुवकच नाय.

बाबलीकाका : मी तोंड उघडूक नाय हां. ह्या तिचा तिनाच बघल्यान.

संचिता : नाही धुतला. पाणी बोर्डला वाईट असतं म्हणून मुद्दाम नाही धुतला. काल फोनवर मी अर्धंच सांगितलं.

आकांक्षा : आमसुलाचो डबो.

संचिता : हो.

आकांक्षा : धुवक नाय.

संचिता : नाही.

आकांक्षा : आणि माझी पेस्ट स्वस्तातली.

संचिता : तू ओरड तरी नाहीतर हस तरी. काका कालपासून हसतायत, मला सवय झालीय.

आकांक्षा : हसतलंय मागसून. तू वर्गात सगळ्यांच्या फुडे बोललंस. फोन माका एकटेक केलंस. शुक्रवारी लॅबातलो पंखो बंद पडलो. सर दरवेळी माका सांगतत, आकांक्षा, बघ गो. ह्या वेळेक माझ्याकडे बघल्यानी आणि म्हणाले, असू दे, भायरचो माणूस बोलवूया.

संचिता : मला हे माहीतच नव्हतं.

आकांक्षा : तुका कसा ठावक आसतला? तू दुसऱ्या बाजूक गांडुळांक नावा ठेवी होतंस.

बाबलीकाका : गांडुळांक पण सोडूक नाय?

संचिता : उद्या सांगते. परीक्षक प्रत्येकाला विचारतात, अडचण काय आली आणि कशी सोडवलीत. सर तिथे असणार, सगळा वर्ग बघायला येणार. तेव्हा सांगते.

आकांक्षा : काय सांगतलंस?

संचिता : किनारपट्टीच्या हवेतल्या क्षारांमुळे बोर्डला गंज चढला होता…

आकांक्षा : परत.

संचिता : मी बोर्ड आमसुलाच्या डब्यात ठेवला होता.

आकांक्षा : आणि?

संचिता : डबा न धुता.

आकांक्षा : आणि?

संचिता : आणि दोष आकांक्षावर ढकलला. तिचा एकही जोड कच्चा नव्हता.

बाबलीकाका : अशान नंबर जातलो हां.

संचिता : गेला तर गेला.

आकांक्षा : जावचो नाय. परीक्षक पण हयलेच आसतले. तेंच्या घरात काय आमसुलांचे डबे नसतीत? खाजा दी आता.

संचिता : घे. सगळं घे.

बाबलीकाका : वायच मांजराकय ठेवा. खाताखाता कामाक लागा, नायतर गांडुळा फुडे जातली. काल सांगललंय ती जुनी पेना हाडलंस?

संचिता : चार. आतली रिफिल काढून, नळ्या धुऊन, वाळवून.

बाबलीकाका : धुवन. शिकता हां चेडू. तेंचे बोटाच्या पेराएवढे चार तुकडे करा. बोर्डाच्या चार भोकांत स्क्रू घालूचे, आणि बोर्ड आणि डब्याची फळी हेंच्या मधी एकेक तुकडो. म्हणजे बोर्ड अधांतरी रवता, पिना खंय टेकत नाय.

आकांक्षा : बोर्ड आडवो लावचो?

बाबलीकाका : उभो. आडव्यार ओल बसान रवता, उभ्यार खाली उतरता. आणि वायरी डब्याच्या खालसून भायर काढूच्यो. भायर काढल्यार तेंका पोट सोडूचा.

संचिता : वायरीला पोट?

बाबलीकाका : ताणून सरळ न्हेवची नाय. वायच खाली लोंबाक दिवची आणि मगे वर न्हेवची. पाणी वायरीवरसून चलत इला तरी पोटाकडे येवन गळता, डब्यात शिरत नाय.

संचिता : पोट किती सोडायचं? तुमच्याएवढं?

बाबलीकाका : माझ्या अर्ध्या. आगगाडी ल्हान आसा तुमची.

आकांक्षा : काका, डब्याक खालसून भोक आसा. ह्या असाच रवांदे?

बाबलीकाका : ता श्वासाचा भोक. भितरली ओल भायर जावक होया. पण तेका मच्छरदाणीचो तुकडो लावल्याबगर झाकण लावचा नाय. बाकी काय इसरलास तरी चलात, ता इसरू नका.

संचिता : लावला. डबल लावू?

बाबलीकाका : एक पुरे. नीट चिकटव.

आकांक्षा : झाला. आता झाकण लावया.

संचिता : थांब, आधी नावं. काकांच्या प्रत्येक डब्यात झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं, कोणी बसवलं आणि जोड कोणाचे. समुद्रात बंद पडलं तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळायला. हा मार्कर. आधी तू लिही. मी बाहेरून काही लिहिणार नाहीये ह्या वेळी.

आकांक्षा : खंय लिवू?

संचिता : 'जोड'च्या पुढे जागा आहे बघ.

आकांक्षा : हय कोणाचातरी नाव खोडलेला आसा. तेच्या खाली मी माझा नाव लिवचंय नाय.

बाबलीकाका : बाजूक लिव मगे.

आकांक्षा : बाजूक पण नाय. उद्या माझा पण कोण खोडीत. कोणाचा नाव ह्या?

संचिता : काल मी विचारलं तर म्हणाले जुनी गजाल.

आकांक्षा : 'मंगेश' सारख्या दिसता.

बाबलीकाका : मंगेशच.

संचिता : सांगा ना, काका. आम्ही दोघींनी आमचं सगळं तुमच्यासमोर काढलं.

बाबलीकाका : माझो पार्टनर. ही शेड दोघांनी मिळान बांधलली. मी डबे बसवी, तो जोड करी. एका वर्सा धोंडू तांडेलाच्या बोटीवरचो वायरलेस वाऱ्यात मुको झालो. बोट एक दीस उशीरा इली. सगळो गाव वेळेर, दर्याच्या काठार, जमललो. माणसा सगळी धड इली, पण धोंडूचो पोरगो, देवेश, सरळ माझ्या अंगार इलो. कोणाचा काम ह्या म्हणान इचारूक लागलो. आणि मी सांगलंय, मंगेशाचो जोड कच्चो.

संचिता : सगळ्यांच्या पुढे?

बाबलीकाका : सगळ्यांच्या फुडे. तेना हात पुसल्यान आणि गेलो. मी डबो हय हाडून रागान ह्या नाव खोडलंय. मगे म्हयन्यान कदीतरी भितरलो वायरलेस सोडवन बघलंय, तर तेच्या मागल्या बाजूक कुंभारमाशेन मातयेचा घर केला होता. नेमक्या पिनांर. ती माती खारी ओल धरून बसलली.

आकांक्षा : माशी भितर गेली खंयसून?

बाबलीकाका : श्वासाच्या भोकातसून. जाळी लावची मीच इसरललंय.

संचिता : आणि जोड?

बाबलीकाका : चकचकीत होते.

संचिता : तुम्ही सांगितलंत कधी त्यांना?

बाबलीकाका : सांगूचा आसा.

आकांक्षा : किती दीस झाले?

बाबलीकाका : बारा वर्सा झाली. बाजारात भेटता. गणपतीत भेटता. तो हात वर करता, मी पण करतंय. दर वेळेक वाटता, आता सांगूया. मगे कोणतरी मधी येता. नायतर पावस येता.

संचिता : आणि मला काल माडाखाली पाठवलंत, फोन कर म्हणून.

बाबलीकाका : दुसऱ्याक पाठवूक बरा जमता माका.

आकांक्षा : आता खंय आसत ते? मुंबैक?

बाबलीकाका : देवबागेक. सायकलीन धा मिनटा.

संचिता : माझी सायकल भायर आसा, काका. तुमी येवसर झाकण उघडाच ठेवतंव.